दुकानातली धार

चाकूकाकांनी कोणाचाही चाकू पहिल्या भेटीत बरा म्हटल्याचं मला आठवत नाही. माणसाची तब्येत, घरची खुशाली, प्रवास कसा झाला, हे सगळं नंतर. आधी त्याच्या खिशातला घडीचा चाकू मागून घ्यायचा, पातं उघडायचं, धार खिडकीकडे करून एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "दुकानातली." बस, एवढंच. या एका शब्दात त्यांनी आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांचा आणि त्या घरांत उतरलेल्या बहुतेक पाहुण्यांचा अपमान करून ठेवला होता. आमचे हिंदी शेजारी त्यांना चक्कू चाचा म्हणत, आम्ही चाकूकाका. त्यांचं खरं नाव गल्लीत फक्त पोस्टमनला ठाऊक असावं.

ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचं बिऱ्हाड खालच्या मजल्यावर, आमचं वर. आई-वडील गेल्यावर वर मी एकटी आणि काकू गेल्यावर खाली ते एकटे, म्हणून स्वयंपाक एकच होत असे आणि भांडणं दोन वेळा. आमच्या घराण्यात चार पिढ्या वैदिकी. यांनी मात्र पोथ्या गुंडाळून शहराबाहेरच्या सरकारी रोपवाटिकेत नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत आंबा, पेरू, बेल, आवळा यांची कलमं बांधली. भटाच्या घरात माळी निपजला, असं नातेवाईक त्यांच्या तोंडावर म्हणत. त्यावर काका शांतपणे सांगत, "तुम्ही लोक मेलेल्यांचं बघता, मी उगवणाऱ्यांचं बघतो. आपापलं खातं आहे." मग श्राद्धाच्या जेवणाला त्यांना कोणी शेजारी बसवून घेत नसे, आणि ते दुप्पट लाडू खात.

कारखान्यातून येणाऱ्या चाकूवर त्यांचा राग होता, पण तो अडाणी राग नव्हता. त्यामागे पूर्ण अभ्यास होता, आणि तो अभ्यास ऐकल्याशिवाय आमच्याकडे कोणाला चहा मिळत नसे. "कारखान्यात पाती ढिगाने घासतात," ते सांगत. "घाईत घासलं की पातं तापतं. तापलं की कडेचं पाणी उतरतं, लोखंड नरम पडतं. वर कडेला केसाहून पातळ अशी एक वळलेली किनार राहून जाते. ती बोटाला टोचते, हवेत धरलेला कागद कापते, हातावरचे केस उडवते. गिऱ्हाईक खूश. पहिल्या ओल्या फांदीवर ती किनार मुडपली की झाला तमाशा." मग एक घोट चहा घेऊन शेवटचं वाक्य येई. "ही धार गिऱ्हाइकाला कापायला ठेवलेली असते, फांदीला नाही."

दुसरा आरोप याहून जड होता. कारखाना पात्याला दोन्ही बाजूंनी उतार देतो. भाजी चिरायला ते चालतं. कलमाच्या चाकूला मात्र उतार एकाच अंगाला पाहिजे, उजव्या, आणि दुसरं अंग पाटीसारखं सपाट. ते सपाट अंग लाकडावर टेकून सरकलं तरच काप सरळ उतरतो. आंब्याच्या कोंबाचा डोळा असलेल्या काडीचा आणि खालच्या कोयीतून उगवलेल्या रोपाचा असे दोन सरळ काप एकमेकांना चिकटले, तर झाड जगतं. मध्ये हवा राहिली तर काडी काळी पडते. त्यामुळे काकांची परीक्षा केसांची नव्हती आणि कागदाचीही नव्हती. ते पेरूच्या फांदीचे दोन तुकडे घेत, दोन्हींना एकेक काप देत, कापावर काप ठेवून जोडी उजेडाकडे धरत. मधून उजेडाची रेघ दिसली की चाकू नापास. त्यांचा स्वतःचा चाकू सोडला, तर त्या परीक्षेत एकही चाकू पास झालेला मी पाहिला नाही.

त्यांचा चाकू दिसायला अगदी दरिद्री. शिंगाची मूठ, तिला एक चीर, आणि घासून घासून बोटाएवढं निमुळतं झालेलं पातं. मी एकदा खोचून विचारलं, "काका, हा तरी आकाशातून पडला का? हाही कोणत्या तरी कारखान्यातच झाला असेल." मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "बिल्कुल. चौकातल्या दुकानातून घेतलाय. अगदी फालतू होता. दोन वर्षं घासला, तेव्हा त्यातलं दुकान निघून गेलं. मग खाली चाकू सापडला."

अहिल्याबाई घाटावर ते सकाळी आंघोळीला जात. झोळीत पंचा, तांब्या आणि न्हाव्याकडे असते तशी धार लावायची काळी सिल्ली. आंघोळीला दगड कशाला लागतो असं विचारायची सोय नव्हती. एकदा नागपूरकडचे एक यात्रेकरू पायरीवर बसून काकडी सोलत होते. चाकू नवा कोरा, लाल मुठीचा, पोटात दहा हत्यारं. काकांनी तो मागून घेतला आणि एकेक हत्यार बाहेर काढलं. "कात्री आहे. बाटली उघडायचं आहे. दात कोरायची काडी पण आहे. चाकू कुठे आहे?" गृहस्थ दुखावले. त्यांनी बाही सरकवून पात्याने मनगटावरचे केस भादरून दाखवले. काका म्हणाले, "हजामत करायची असेल तर वर छत्रीखाली न्हावी बसलाय." आणि मग खाली बसून अर्धा तास त्या चाकूला धार लावत राहिले. गृहस्थांची नाव निघून गेली, बायको दोनदा येऊन बघून गेली, काकडी सुकली. काकांनी चाकू मिटून पायरीवर ठेवला आणि पैसे विचारल्यावर त्या माणसाकडे असं बघितलं की त्याने पाकीट पुन्हा खिशात घातलं.

चाकू पायरीवर ठेवायचा, ही त्यांची आणखी एक रीत. चाकू हातातून हातात द्यायचा नाही, भांडण होतं, हे आपल्या सगळ्याच घरांत सांगतात. पण बाकीचे विसरतात. काका कधी विसरले नाहीत. नारळ फोडल्यावर खोबरं काढायला मी चाकू मागितला, तर ते शेजारी बसलेले असूनही वाकून जमिनीवर ठेवत आणि मी वाकून उचलत असे. मग मी खोबरं कसं चुकीचं काढते यावरून यथास्थित भांडण होई. मी एकदा म्हटलं, इतकं भांडतोच आहोत तर कंबर कशाला वाकवायची. ते म्हणाले, "भांडण आपलं आहे. चाकूवर इल्जाम नको."

दोनेक वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा ग्लास अर्धाच भरायचा, एवढी एक गोष्ट मी न बोलता बदलली आणि त्यांनी न बोलता चालवून घेतली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी गोळ्यांचं पाकीट उघडून बघितलं आणि तेही दुकानातलंच ठरवलं. कलम बांधणं सुटलं. पण रोज सकाळी ओसरीवर बसून सिल्लीवर चाकू फिरवणं सुटलं नाही. काहीही कापायचं नसताना ते धार लावत, पंच्याने पुसत, मिटून खिशात ठेवत. दगडावर त्यांचा हात थरथरत नसे. मी ते दारातून बघत असे आणि मला रडू येई, आणि मग मी उगाच भांडी आपटत असे.

आता त्या आंब्याबद्दल सांगितलं पाहिजे. रामनगरला, पुलापलीकडे, काकांच्या वडिलांनी घेतलेला जमिनीचा एक तुकडा होता. त्यावर एक विहीर आणि एक आंबा. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात काकू तिथे विहिरीच्या काठावर बसून लंगडा आंबा खात होती आणि कोय तिने मागे भिरकावली. त्या कोयीतून जे झाड आलं त्याचं फळ लंगड्यासारखं नव्हतं, कशासारखंच नव्हतं. बुटकं, वाकड्या नाकाचं, पिकलं तरी हिरवं, आणि आत केशरी, थोडा बडीशेपेचा वास. तिथला रखवालदार त्याला फेकुआ म्हणायला लागला आणि तेच नाव राहिलं. काका म्हणत, "तुझ्या काकूने जन्मात एकच झाड लावलं, तेही फेकून." पण मोसमात पहिलं फळ ते तिच्या तसबिरीपुढे ठेवत आणि तिथून ते हलवायची कोणाला परवानगी नसे. असं झाड जगात एकच असतं. त्याची कोय पेरून तो आंबा पुन्हा येत नाही, भलतंच काहीतरी येतं. त्याचं कलम बांधलं तरच तो पुढे चालतो, आणि काकांनी सगळ्या जगाच्या आंब्यांची कलमं बांधली, फेकुआचं कधी बांधलं नाही. झाड उभं आहे, घाई काय, असं त्यांना वाटत राहिलं.

मागच्या आषाढात मधूदादा आला. मधूदादा म्हणजे काकांच्या मोठ्या भावाचा मुलगा, बांधकामाच्या धंद्यात असतो आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. रामनगरच्या जमिनीत अर्धा हिस्सा त्याचा, आणि उरलेल्या अर्ध्याचे सह्यांचे अधिकार काकांनी फार पूर्वी त्याच्याकडेच देऊन टाकले होते, कारण कागद म्हटला की त्यांना जांभई येई. मधूदादाने फेकुआचे तीन आंबे खाल्ले, बोटं पुसली आणि मग सांगितलं. "काका, रामनगरला मॅरेज लॉन होतंय. पार्टी चांगली आहे. पितृपक्ष संपला की काम सुरू."

"आणि झाड?"

"झाडाच्या जागी स्टेज येतंय."

"दूल्हा-दुल्हन झाडाखाली बसले तर लग्न लागत नाही काय?"

"काका, आंबाच आहे ना. बाजारात लंगडा पाहिजे तेवढा मिळतो."

कोयी अजून त्याच्या ताटलीत होत्या. काकांनी ती ताटली स्वतःकडे ओढली. मधूदादाला वाटलं प्रश्न मिटला. त्याने पिशवीतून एक लाकडी डबी काढली. त्याच्या मुलाने जर्मनीहून पाठवलेला घडीचा चाकू, खास काकांसाठी. मी डबी धरली, काकांनी पातं उघडलं, खिडकीकडे धरलं, एक डोळा मिटला. हात इतका थरथरत होता की धारेवरचा उजेड भिंतीवर नाचत होता.

"दुकानातली," ते म्हणाले.

"अहो, विदेशी आहे!" मधूदादाने चाकू घेतला आणि वर्तमानपत्राचं पान हवेत धरून सर्रकन उभं कापून दाखवलं. "बघा, डबीतून काढला तसा."

"तुझं कामच कागदाचं आहे," काका म्हणाले. "तूच ठेव." पण तो चाकू ओसरीवर विसरून गेला. विसरून म्हणजे ठेवून, त्याची सवय मला माहीत आहे.

त्या संध्याकाळी काकांनी मला समोर बसवलं आणि चहाचा कप काठोकाठ भरून माझ्या हातात दिला. "धरून बस." मी धरला, उजव्या हातात, वडीलधाऱ्यांसमोर नेहमी धरते तसा. कप हलला नाही. काका म्हणाले, "तुझा हात ठीक आहे. दिमाग नाही, पण त्याचं काम नाही. नले, फेकुआचं कलम तू बांधायचं." मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात उभी हयात काढलेली बाई. मी आयुष्यात तुळससुद्धा जगवली नव्हती. तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणून तर वाईट सवयी नसतील."

रोपवाटिकेतल्या एका जुन्या माणसाने पिशव्यांतली कोयीची रोपं गच्चीवर आणून ठेवली. फेकुआच्या खालच्या फांद्यांची पानं देठ ठेवून छाटायची, आठवडाभरात देठ गळतात, डोळा फुगतो, मग काडी काढायची. हे सगळं मी पूल ओलांडून जाऊन केलं. काका गच्चीवर खुर्चीत बसत, चाकू कठड्यावर ठेवत, मी उचलून एक काडी कापत असे आणि ते हात पुढे करत. काडी बघायची, नाक मुरडायचं, टाकायची. "हा काप आहे? ही तर कुत्र्याने चघळलेली हाडकी आहे." दुसरी काडी. "मध्ये विहीर खणलीस. पाणी लागलं का?" तिसरी. "तुला एम. ए. कोणी केलं?" शेवटी वीस काड्या कशाबशा बांधल्या. पंधरा दिवसांत वीसच्या वीस काळ्या पडल्या. काकांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला, आणि मी त्यांच्या वरणात मीठ घातलं नाही.

मला खात्री होती की दोष चाकूचा आहे. ते चिंधी झालेलं पातं आणि तो चिरलेला मुठीचा तुकडा, त्यावर एका माणसाने पन्नास वर्षं गर्व केला आणि आता माझ्या हाताला नावं ठेवतो. म्हणून दुसऱ्या वेळच्या काड्या मी त्यांना न सांगता मधूदादाच्या चाकूने कापल्या. पहिल्या दोन लोण्यासारख्या उतरल्या. मला इतका आनंद झाला की मी स्वतःशी हसले. पाचव्या काडीला चाकू अडकायला लागला, दहावीला साल ओरबाडली. काका म्हणाले होते तसंच, अक्षराला अक्षर. उरलेल्या काड्या घेऊन मी खाली आले आणि गुन्हा कबूल केला.

ते ओरडतील म्हणून मी तयार होते. त्यांनी काड्या हातात घेऊन काप बोटाने चाचपले. मग त्यांनी आमच्या पहिल्या वेळच्या टाकलेल्या काड्या मागवल्या आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. "याचा काप खरबरीत आहे," ते हळूहळू म्हणाले, "पण सरळ आहे. माझ्या चाकूने खड्डा पडतो. दर वेळी. याच्याने पडत नाही. का?" दुकानातल्या धारेला त्यांनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. त्यांनी आपला चाकू जमिनीवर ठेवला. "काप एक, माझ्यासमोर."

मी काडी उजव्या हातात धरली आणि चाकू डाव्या.

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. "तू खब्बू आहेस?"

"काका, पन्नास वर्षं तुमच्या डोक्यावर राहतेय."

खरं म्हणजे त्यांचीही चूक नव्हती. आमच्या घरात डाव्या हाताने प्रसाद घ्यायचा नाही, जेवायचं नाही, लिहायचं नाही, वाढायचं नाही. माझा डावा हात लहानपणीच पट्टीने मारून आत घातलेला. सुई, विळी, चाकू, एवढंच त्याच्यासाठी उरलं, कारण बायका कोपऱ्यात बसून काय करतात ते बघायला कोणाला वेळ होता? आणि काकांनी तर जन्मभर काप बघितला होता. हात कधी बघितलाच नव्हता. त्यांच्या चाकूचा उतार उजव्या हाताचा. डाव्या हातात तो उलटा पडतो, सपाट अंग बाहेर जातं आणि उताराचं अंग लाकडात घुसून खड्डा खणतं. मी कितीही जपून कापलं असतं तरी तेच झालं असतं. मधूदादाच्या चाकूला उतार दोन्ही अंगांना, म्हणून तो कोणत्याही हातात सारखाच चालतो.

"वीस काड्या माझ्यामुळे मेल्या," ते म्हणाले. एवढंच. मला माफी नको होती, पण त्यांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

त्याच आठवड्यात मधूदादाचा फोन आला. झाड आधीच काढणार, पुढच्या मंगळवारी. मी म्हटलं, अरे, पितृपक्षानंतर ना? तो म्हणाला, नवं काम पितृपक्षानंतर, झाड कापणं हे काही नवं काम नाही, मजूर आत्ता रिकामे आहेत. शास्त्र एवढं सोयीचं असतं हे मला घराण्यातल्या चार पिढ्यांनीही शिकवलं नव्हतं. पाच दिवस उरले होते. तिसऱ्या आणि शेवटच्या खेपेच्या फांद्यांची पानं मी आधीच छाटून ठेवली होती.

काकांनी सिल्ली भिजवली, चाकू उघडला आणि पातं उलटं टेकवलं. मला कळायला थोडा वेळ लागला. ते उतार उजव्या अंगावरून काढून डाव्या अंगाला नेत होते.

"मधूदादाचाच घासा ना," मी म्हटलं. "त्याच्यात लोखंड तरी भरपूर आहे."

"त्यातलं दुकान काढायला दोन वर्षं पाहिजेत. याचं लोखंड मला माहीत आहे."

"पण मग तुम्ही काय वापराल?"

"मी काय कापतोय आता?" ते म्हणाले, आणि हात थांबवला नाही.

चार दिवस सकाळपासून दुपारपर्यंत तो आवाज चालला. जेवायला हाक मारली तरी येत नसत. आधीच निमुळतं पातं आणखी निमुळतं झालं, सिल्लीवरचं पाणी काळं होऊन ओसरीच्या पायरीवरून वाहत होतं. पन्नास वर्षांत जी धार त्यांनी एका हातासाठी आणली होती, ती ते स्वतःच्या हाताने पुसून काढत होते. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच आठ्यांचा होता. रडायचं काम माझ्याकडेच होतं. सोमवारी दुपारी त्यांनी चाकू पायरीवर ठेवला. पेरूचे दोन तुकडे, दोन काप. मी जोडी उजेडाकडे धरली. रेघ दिसली नाही. काका म्हणाले, "हं." त्यांच्या तोंडून माझं याहून मोठं कौतुक कधी झालं नाही.

मंगळवारी मी पूल ओलांडून पोहोचले तेव्हा झाड आडवं पडलं होतं. मजूर सकाळी लवकर आले होते. विहिरीवर फांद्या पसरल्या होत्या आणि एक मजूर खोडावर बसून तंबाखू मळत होता. मधूदादा मला म्हणाला, "बघ, तुझं काम सोपं झालं, चढायला नको." मी त्याच्याकडे बघितलं नाही. पडलेल्या झाडाच्या काड्या मी कापल्या, एकोणीस मिळाल्या, ओल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून रिक्षातून आणल्या. काका आले नव्हते. पडणारं झाड काय बघायचं, म्हणाले होते. गच्चीवर त्यांनी एकेक जोडी उजेडाकडे धरून मला परत दिली आणि मी पट्टी बांधत गेले. त्या दिवशी त्यांनी कुत्रा, विहीर, एम. ए., काहीही काढलं नाही.

पितृपक्षात, सगळं घराणं पिंड पाडण्यात गुंतलेलं असताना, गच्चीवर पहिला डोळा फुटला. तांबूस, ओलसर, नखाएवढा. मग दुसरा. एकोणिसातली अकरा जगली. काका भिंतीला धरून जिना चढून येत आणि एकेका रोपापुढे उभे राहत. शेवटच्या रोपापुढे उभं राहून ते म्हणाले, "तुझ्या काकूने कोय फेकली नसती तर एवढी मेहनत पडली नसती." आणि डोळे पुसले, उघडपणे, माझ्यासमोर.

मग त्यांनी माझ्याकडून चाकू मागितला. उजव्या हातात घेतला, थरथरत पेरूच्या फांदीवर दोन काप घेतले आणि जोडी उजेडाकडे धरली. चांगली बोटभर रेघ दिसली.

"नापास," ते म्हणाले, आणि चाकू मिटून माझ्या हातात दिला. जमिनीवर नाही, हातात.

"काका, खाली ठेवा. भांडण होईल."

"होऊ दे," ते म्हणाले. "पुढे कोणाशी भांडशील?"

मार्गशीर्षात ते गेले. झोपेत गेले, कोणाला नावं न ठेवता, म्हणजे त्यांच्या स्वभावाच्या अगदी उलट. मणिकर्णिकेवर मधूदादा सगळ्यांत मोठ्याने रडला. तेराव्याला गुरुजी, नातेवाईक, सगळे जमले. जेवणं झाल्यावर मधूदादाने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की काकांची आठवण म्हणून तो चाकू त्याला पाहिजे, जर्मनीला मुलाकडे फ्रेम करून ठेवायला. मी चाकू त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला. त्याने उचलला, पातं उघडलं, केळीच्या पानाच्या देठावर उजव्या हाताने ओढलं. पातं देठात घुसून अडकलं. पुन्हा ओढलं, पुन्हा अडकलं.

"याला धारच नाही," तो सगळ्यांना दाखवत म्हणाला. "बिचारे काका. शेवटी हात गेला होता त्यांचा. घे बाई, तूच ठेव." आणि मुठीकडून माझ्यापुढे धरला.

समोर पंगतीत चार पिढ्यांचे वैदिक विडे खात बसले होते. मी डावा हात पुढे केला आणि चाकू घेतला.